कोवानाचं मागणं

देवमाशाचा दात चटईवर तसाच पडून होता. सालासेइनीने तो हातात घेतला की मागणाऱ्याचं काम झालं. मग नाही म्हणायची सोय उरत नाही. म्हणून गावाची ती मालकीण मांडीवरचे हात हलवत नव्हती.

समोर मांडी घालून बसला होता तो खुद्द कोवाना, या साऱ्या बेटांचा गव्हर्नर, सर एडमंड हार्विक. केस पांढरे झालेले, गुडघे दुखरे. त्याची कारकीर्द संपली होती. नवा गव्हर्नर येऊन दाखल झाला होता आणि जुन्याला न्यायला बंदरात जहाज उभं होतं. त्याला जायचं नव्हतं.

नाइवाका गावाच्या टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून, त्याच्या बायकोची कबर होती. गोवराच्या साथीत ती या गावात आली, घरोघर आजाऱ्यांना पाणी पाजत राहिली आणि शेवटी तापाने इथेच गेली. गावाने तिला आपल्या मातीत घेतलं. तिच्या शेजारी एक झोपडी आणि पुढेमागे आपल्यापुरती निजायला जागा, एवढंच तो मागत होता.

अडचण होती ती त्याच्याच कायद्याची. बेटांवरची जमीन गोऱ्या माणसाला विकायची नाही, दानही करायची नाही, असं त्यानेच ठरवून दिलं होतं. त्यापायी मळेवाल्यांनी त्याचा पुतळा जाळला. लंडनहून ताशेरे आले. बरोबरीचे लोक मोठमोठ्या प्रांतांवर गेले आणि हा इथेच म्हातारा झाला.

सालासेइनीचा भाऊ आपेनिसा तिच्या कानाशी लागला. "ताई, घे. मूठभर मातीचा तर प्रश्न आहे. त्याची बायको आपल्या लेकरांपायी मेली, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. तिच्या धाकट्याला त्याच बाईने मांडीवर घेऊन जगवलं होतं. पण किनाऱ्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षं डोळा ठेवून असलेला मळेवाला क्रॉथरही तिच्या मनातून जात नव्हता.

"कोवाना," ती म्हणाली, "माझ्या घरात तुमचं पान कायम मांडलेलं राहील. पण माती मागू नका. द्यायची नाही, असं तुम्हीच आम्हाला बजावलंत. तुमच्यासाठी मोडलं, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

गव्हर्नरने दात स्वतःच्या हाताने परत उचलला. असं होताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. तो कबरीपाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला, वाकून तिथलं गवत उपटलं आणि होडीत बसला.

गावाने सालासेइनीला बोल लावला. आपेनिसाने बोलणंच टाकलं. ती स्वतः टेकाडाकडे बघेनाशी झाली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला आपण चारचौघांत रिकाम्या हाताने उठवलं, हे तिला आत कुठेतरी सलत राहिलं.

जहाज गेलं आणि काही दिवसांतच क्रॉथरची होडी किनाऱ्याला लागली. सालासेइनी मन घट्ट करून बसली. पण त्याने खोबऱ्याचा सौदा केला, शहाळं प्यायलं आणि तो जायला उठला.

न राहवून तिनेच विचारलं, "या खेपेला जमिनीचं काही काढलं नाहीत?"

"काढून उपयोग काय?" क्रॉथर कडवट हसला. "जहाजावर चढण्याआधी म्हाताऱ्याने आम्हा सगळ्या मळेवाल्यांना धक्क्यावर गाठलं. म्हणाला, मी स्वतः मागायला गेलो होतो, मलासुद्धा दिली नाही. तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. आम्ही हसलो. तर म्हणतो कसा, 'हसा. सबंध कारकिर्दीत माझं कुणी ऐकलं असेल, तर ते त्या एका बाईनं.'"