आधी टोक

"उद्या पार्लरमध्ये जाऊन केसच कापून टाकते," मी रडवेली होऊन म्हणाले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि दाट कुरळ्या केसांचा पार गुंता झाला होता.

कालव्याचं पाणी वाटण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या बाबांनी कंडिशनरची बाटली उचलली. ओल्या केसांचे चार भाग केले, चिमटे लावले आणि सुरुवात टोकांपासून केली.

"बाबा, आधी मुळाशी लावा ना!"

"मुळाशी बसलेल्यांना न मागता मिळतं. कोरडं राहतं ते टोक."

एकेक बट बोटांत धरून ते वर सरकले. मग फणी फिरवली. ती न अडता खाली उतरली.

"शेवटच्या शेतापर्यंत पोहोचलं," बाबा म्हणाले. "नोकरीत हे कधी जमलं नव्हतं."

मी पार्लरची वेळ रद्द केली.

"पुढचं आवर्तन रविवारी," बाबांनी जाहीर केलं.