सगळ्यात वरचा नंबर

अतिदक्षता विभागाच्या बाहेर अवयवदानाचा फॉर्म मांडीवर घेऊन ती बसली होती. नवऱ्याचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. आत यंत्राच्या जोरावर श्वास तेवढा चालू होता.

"सही करू नका, वहिनी." दंडावर चिकटवलेला कापूस दाबत धाकटा दीर तिच्यासमोर पाय रोवून उभा होता. "शरीर ही अल्लाची अमानत आहे. जसं दिलं तसंच परत करायचं. माझ्या भावाची चिरफाड मी होऊ देणार नाही."

"त्यांचीच इच्छा होती, भावजी. हवं तर इमामसाहेबांना विचारू या."

"त्यांना कशाला त्रास? एवढं साधं मला कळत नाही होय?"

तिच्या फोनची बॅटरी केव्हाच संपली होती. तिनं दिराच्या हातातला फोन ओढून घेतला. इमामसाहेबांचा नंबर शोधावाही लागला नाही, केलेल्या कॉलच्या यादीत तो सगळ्यात वरच होता. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून तिनं स्पीकर सुरू केला. दीर "थांबा, थांबा" म्हणत पुढे झाला, तोवर पलीकडून इमामसाहेबांचा आवाज आलासुद्धा.



"अहो, तेच ते किती वेळा विचाराल? जीव वाचणार असेल तर किडनी देणंही जायज आणि घेणंही जायज. ते जाऊ द्या, मिळाला का तुमच्यासाठी कुणी देणारा?"