सरळ केलेली दुर्बीण

पाचवी गोळीही उजवीकडेच गेली. फळ्यावरच्या काळ्या टिकलीपासून पुरती वीतभर लांब.

यादवरावांनी रायफल खाली ठेवली आणि प्रभाकर मिस्त्रीकडे असं पाहिलं, की जहागीर शाबूत असती तर मिस्त्रीला त्याच पावली मुलूख सोडावा लागला असता. पण जहागीर विलीन होऊन चार वर्षं झाली होती. यादवराव आता राजपुऱ्यात भाड्याच्या घरात राहत होते, आणि बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री जैनाबादच्या अंगाला, तापीच्या वाळूत, त्यांच्यासमोर खुशाल विडी ओढत उभा होता.

"रायफलीवरची दुर्बीण बिघडवलीत तुम्ही, मिस्त्री," यादवराव म्हणाले. कारागिराला 'तुम्ही' म्हणायची सवय त्यांनी अलीकडेच, बऱ्याच कष्टाने लावून घेतली होती. "आठ दिवसांपूर्वी साफ करायला दिली, तोवर केसभर चुकत नव्हती."

उद्या सकाळी याच वाळूत परीक्षा होती. नव्या सरकारी नेमबाजी वर्गाला उस्ताद हवा होता. चाळीस पोरांना बंदूक शिकवायची. स्वतःची रायफल आणायची मुभा होती. यादवरावांनी पन्नाशीत, जन्मात पहिल्यांदा, अर्ज लिहिला होता. एकवीस बिबटे मारल्याचं त्यात ठसठशीत अक्षरांत घातलं होतं. जहागीर गेली, हत्ती गेला, मुजरे गेले. उरला होता तो नेम. तोही गेला तर आपण नुसते 'माजी' म्हणून उरू, ही भीती त्यांना आतून खात होती.

मिस्त्रीने विडी विझवली आणि कामाला लागला. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे पेच पिळून पाहिले. एकही ढिला नव्हता. नळीतून उजेड पाहिला. काडतुसं बदलली. दुर्बिणीवर बोट आपटून आतली नेम धरायची फुली हलते का पाहिलं; फुली जागची हलली नाही. मग रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून त्याने स्वतः तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही काळ्या टिकलीत, एका पेढ्याखाली झाकल्या जातील अशा.

"रायफलीत खोट नाही, रावसाहेब."

यादवरावांनी सहावी गोळी झाडली. वीतभर उजवीकडे.

एवढ्यात दगा आला. यादवरावांनी सकाळीच त्याला निरोप धाडला होता. दगा म्हणजे तेवीस वर्षं त्यांच्या पदरी राहिलेला शिकारी. रायफल पुसायची, भरायची, मालकाच्या हातात द्यायची आणि बार झाला की परत घ्यायची, हे सगळं दगाचं काम. मालकाने आपल्या रायफलीचा पेच स्वतः फिरवल्याचं त्या घराण्यात ऐकिवात नव्हतं. आता दगा देडतलाईला स्वतःच्या शेतात केळी लावत होता. तो मुजऱ्याला वाकला, अर्ध्यावर काहीतरी आठवून सरळ झाला आणि रामराम केला.

"दग्या, बघ रे हिला काय झालंय."

दगाने रायफल घेतली. दुर्बिणीच्या कडेची टोपी काढली, आतला पेच निरखला आणि त्याचा चेहरा उतरला.

"सरकार, ही सीधी कोनी केली?"

"मी केली," मिस्त्री म्हणाला. "पेच चार घरं, चार खाचा, डावीकडे फिरलेला होता. म्हटलं, आलीच आहे हातात तर दोष काढून द्यावा."

 यादवरावांनी दगाला खडसावलं तेव्हा तो खाली बघत बोलू लागला. "तुमी घोडा वढता ना सरकार, तवा हाताला झटका बसतो. लहानपनापासून. गोळी उजवीकडं जाते. मोठ्या सरकारचा, तुमच्या वडलांचा, हुकूम व्हता, पोराला मालूम नाही पडलं पायजे. मंग मी पेच चार घरं डावीकडं ठेवत गेलो."

यादवरावांना आधी संताप आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मग लाज वाटली, अशी की कान तापले. एकवीस बिबट्यांवर पाय ठेवून त्यांनी एकवीस फोटो काढून घेतले होते. एकाही फोटोत दगा नव्हता.

दगाची बोटं सवयीने पेचाकडे गेली. "आताच घुमवून देतो, सरकार. उद्या मस्त पास व्हाल. कोनाला मालूम नाही पडनार."

मिस्त्रीने मान वळवून नदीकडे पाहिलं. त्याचीही हरकत दिसत नव्हती.

हो म्हणावं, असं यादवरावांना फार वाटलं. नोकरी चार घरांवर होती. मग त्यांना ती चाळीस पोरं दिसली. पोरांच्या बंदुका साध्या, बिनदुर्बिणीच्या असणार. त्यातल्या एखाद्याची गोळी उजवीकडे गेली आणि त्याने 'का गेली, उस्ताद?' असं विचारलं, तर ते काय सांगणार होते?

त्यांनी दगाचा हात पेचावरून बाजूला केला.

"मिस्त्री, उद्या मी परीक्षेला येत नाही, असं कळवा त्या वर्गवाल्यांना."

मग रायफल घेऊन, परीटघडीच्या धोतराची पर्वा न करता, ते पोत्यामागे वाळूत पालथे झाले. गाल दस्त्याला टेकवला. फुली टिकलीवर आणली.

"दगाभाऊ," ते म्हणाले, "घोडा कसा ओढायचा, तेवढं शिकवा मला."