हरकत नाही

स्टॅम्पपेपरवर आता फक्त छायाची सही राहिली होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आजोबांची जमीन गेली, तिच्या बदल्यात घराला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला. तो दाखवला की नोकरीत राखीव जागा; पण नाव घरातल्या एकाचंच लागतं. आज तिथे धाकट्या भावाचं, रोहितचं नाव लागणार होतं, आणि आपली हरकत नाही, असं छायानं लिहून द्यायचं होतं.

भरतीच्या परीक्षेला दोघंही बसत होते. मागच्या खेपेला छाया दोन गुणांनी हुकली. रोहित चाळीस गुणांनी आपटला. पण गुण बघतो कोण? रोहित मुलगा होता.

"उद्या लगीन होऊन तू चांदवडला नांदाया जाशील," तिचे वडील, बहिरू, म्हणाले. "दाखला काय लोकाच्या घराला आंदण द्यायचा?"

छायानं आईकडे पाहिलं. मालनबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"करून टाक बाई. भाऊ हाय, कुनी परका नाय."

छायानं सही केली. या घरात आपलं कुणी नाही, हे तिला इतकं लख्ख कधी कळलं नव्हतं. रडूसुद्धा आलं नाही.

बहिरूंनी कागद जपून पिशवीत ठेवला. "आता ह्याची तयारी करून घे. इंग्रजी लय कच्चं हाय त्याचं."

ती रोहितसमोर बसली. तो तिच्याकडे न बघता पुस्तकाची पानं उलटत होता.

"ताई, हे 'लेग अप' म्हणजे?"

"दुसऱ्याच्या मदतीनं पुढे जायची संधी मिळणं." तिचा आवाज रोजच्यासारखाच निघाला. "घोडा उंच असतो. मग एक जण वाकून हातांची ओंजळ धरतो. स्वार तिच्यात पाय देतो आणि वर चढतो. त्यावरून आलं."

रोहितचं पेन थांबलं. "आणि ओंजळ धरणारा? त्याला कधीच बसायला मिळत नाही?"

"नाही. घोडा एकच असतो."

मालनबाईंचे हात थबकले. दारात चपला घालणारे बहिरू मात्र मागे वळले आणि लेकीकडे कौतुकानं बघत राहिले.

"किती भारी समजून सांगती बघ," ते म्हणाले. "लिहून घे रे, पेपरात येईल."

रोहितनं लिहून घेतलं.