चार वर्षांचं स्वच्छ पाणी

"मग आता तुम्हीच सांगा, बाटलीकाका," विद्यापीठाच्या मॅडम माईकवरून म्हणाल्या, "तीन महिन्यांपूर्वी असं झालं तरी काय?"

अख्खं सभागृह वळून तिसऱ्या रांगेकडे बघायला लागलं. बाटलीकाका म्हणजे विद्यापीठाचे नमुनेवाले. कागद कारखान्याच्या खालच्या उतारावर जायचं, नदीच्या पाण्याची बाटली भरायची आणि प्रयोगशाळेत पोचवायची, एवढंच काम. पण अकरा वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. ताप आला तर तापालाही सोबत घेऊन जायचे.

पडद्यावर त्यांच्याच बाटल्यांचा आलेख होता. आधी सात वर्षं नुसती घाण. मग चार वर्षं पाणी असं निवळलेलं, की माशांनी त्यात बघून भांग पाडावा. त्या चार वर्षांवर मॅडमनी पुस्तक लिहिलं, कारखान्याने कागदाचं दुसरं यंत्र बसवलं आणि 'आपली नदी, आपला रोजगार' या व्याख्यानाला गाव लोटायला लागलं. आणि आता शेवटचे तीन महिने रेघ दगडासारखी खाली.

"मी सांगतो," कारखान्याचे साहेब उठले. "आमचं सांडपाणी जसं होतं तसंच आहे, थेंबाचा फरक नाही. पाणी मुरतंय ते बाटलीत!"

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, हल्ली बाटली कुठली भरता?" आणखी हशा.

काका हसले नाहीत. चार वर्षं खरी धरली, तर हे तीन महिने खोटे ठरणार. कारखाना नदीत सोडायचं ते सोडत राहणार आणि काका लबाड ठरणार. लबाड म्हणवून घ्यायला त्यांची ना नव्हती. पण तीन महिने खरे म्हणावे, तर गेलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणावं लागणार होतं.

तीन महिन्यांपूर्वी काकू गेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हापासून उतारावर त्याच जायच्या. विद्यापीठात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काका वर बाकावर बसायचे. काकू पिशवी घेऊन खाली जायच्या, ओली बाटली आणून हातात द्यायच्या आणि काका चष्मा लावून तिच्यावर तारीख घालायचे. नोकरी टिकली, अब्रू टिकली. आता ते एकटे जात, बसत बसत, एकेक पायरी उतरत.

गप्प बसावं, मूग गिळावेत, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. पण परवा उतारावर पोरं डुंबत होती. काकांनी हटकलं, तर त्यांतली एक टिल्ली पोर म्हणाली, "आजोबा, विद्यापीठानं सांगितलंय, पाणी चांगलं आहे."

काका खुर्चीला धरून उभे राहिले. कुणीतरी माईक पुढे केला.

"मॅडम, तीन महिने खरे आहेत," ते म्हणाले. "चार वर्षं खोटी."

"काका, काहीतरीच काय बोलताय!"

"उतारावर मी जातच नव्हतो. माझी बायको जायची. ती बाटली घरूनच भरून न्यायची, आमच्या परसातल्या विहिरीतून. नदीत नुसती बुचकळून आणायची."

साहेब हळूच खाली बसले. आपलं सांडपाणी जसं होतं तसंच आहे, हे त्यांनी आत्ताच साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मॅडमचा हात टेबलावरच्या पुस्तकावर गेला आणि तिथेच राहिला.

"कुणाच्या सांगण्यावरून?" त्यांचा आवाज चिरकला. "चार वर्षं, काका! कुणी करायला लावलं त्यांना हे?"

"कुणी नाही हो. मलासुद्धा दवाखान्यात कळलं, शेवटच्या दिवशी. माझा हात धरून म्हणाली, 'सोमवारी आपल्या विहिरीचंच न्या. तपासायचं म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोरी चाखून बघत असतील. नदीचं पाजू नका हो त्यांना.'"