कंगोऱ्यांची बाटली

मुलांनो, डोळे मिटा आणि हातात औषधाची बाटली आहे असं समजा. १९३० सालच्या सुमारास सोलापूरच्या एका दवाखान्यात थोरल्या नर्सबाई नव्या नर्सना असंच शिकवत: “गुळगुळीत बाटली पिण्याची. कंगोऱ्यांची विषारी, फक्त चोळण्याची. अंधारातही बोटांना कळलं पाहिजे.” तेव्हा बाटली रोग्यानंच घरून आणायची. वळसंगची चिमुरडी मायाक्का खोकणाऱ्या भावाला कडेवर घेऊन आली. शिकाऊ नर्स सोजरबाई तिच्या बाटलीत औषध ओतणार, तोच बोटांना कंगोरे लागले. “ही कुठली गं?” “आईची. रातच्याला खोकला लागला म्हणून अंधारात ह्यातलंच प्याली. उठलीच न्हाय. म्या लई येळा धुतलीया की!” थोरल्या बाईंनी दवाखान्यातली गुळगुळीत बाटली भरली आणि मायाक्काला डोळे मिटून दोन्ही चाचपायला लावल्या. मायाक्कानं भावाचे डोळे तळहातानं झाकले आणि त्याचं बोट आईच्या बाटलीवरून फिरवलं. “ही न्हाय प्यायाची.”