पुल्लाच्या जागी

"बाबा, कुत्रे मांडी घालून बसत नाहीत."

आर्त्तू मुकाट्याने स्वयंपाकघरातल्या गालिच्यावर आडवा झाला.

साथीमुळे कुओपिओ शहरातल्या शाळा बंद होत्या, वाचनालयही बंद, आणि वाचनालयातली पुल्ला नावाची कुत्री तिच्या मालकिणीकडे घरी बसली होती. पुल्लाचं काम एवढंच, अडखळत वाचणाऱ्या मुलांच्या पायाशी पडून ऐकायचं. आर्त्तूची लेक साइमी फक्त तिलाच वाचून दाखवायची. "वाचन सुटू देऊ नका," शाळेतल्या राइलीबाईंनी फोनवर बजावलं होतं, "एखादा कुत्रा मिळतो का बघा." घरात आर्त्तूच होता.

साइमीची आई हॉस्पिटलात यंत्रावर श्वास घेत होती. भेटायला बंदी. हॉस्पिटलचा फोन रोज दुपारी जेवणं झाल्यावर यायचा. अवेळी आला तर त्याचा अर्थ काय, हे कोणी सांगितलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"को...ल्हा बर...बर्फात..."

"बर्फावरून."

"कुत्रे चुका काढत नाहीत."

"सॉरी."

"बोलतही नाहीत!"

तरी बक्षीस म्हणून राय धान्याच्या पावाचा तुकडा मिळाला. तो तोंडानेच उचलावा लागला.

सकाळची कॉफी अजून निवलीही नव्हती, तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. हॉस्पिटलचा नंबर.

आर्त्तू उठायला गुडघ्यांवर आला. साइमीने त्याच्या मानेवर हात दाबला.

"कुत्रे फोन घेत नाहीत."

आर्त्तू पुन्हा आडवा झाला. खरं तर त्याने फारसा हट्ट केलाच नाही.

साइमी वाचू लागली. मोठ्याने, फोनच्या वरताण. कोल्हा बर्फावरून धावला, गोठलेली नदी ओलांडून बिळात शिरला. ती कुठेच अडखळली नाही. पूर्णविरामालाही थांबली नाही. राइलीबाईंना आणि पुल्लाला मिळून वर्षभर जे जमलं नव्हतं ते झालं होतं, आणि शाबासकी द्यायला खोलीत माणूस नव्हता.

फोन थांबला. साइमीही थांबली.

मग तो पुन्हा वाजू लागला.

साइमीने पुस्तक मिटलं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "आता ऊठ ना."

आर्त्तूने गालिच्यात तोंड खुपसलं आणि तो भुंकला.